इंग्रजीतली पीएचडी : एक होकार, एक वेटिंग, हातात तीन आठवडे

कृष्णाकाठ | २२ मार्च २०२५, रात्री ११:४२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. हे चौथं वर्ष. तासाचा दर ठरलेला आहे, पैसे कधी येणार ते ठरलेलं नाही. ऑगस्टचे जानेवारीत आले. ज्यांनी सीएचबी, म्हणजे हे असं तासांवरचं शिकवणं, केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

डिसेंबरात अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत इंग्रजीच्या पीएचडीला अर्ज केले. नुसत्या अर्जाच्या फीला साडेसातशे डॉलर गेले, तेव्हाच्या भावाने पासष्ट हजार रुपये. आईला चाळीस सांगितलेत.

सहा नकार आले. सातवे म्हणाले पीएचडी नाही, पण आमच्या एमएला या, अर्धी ट्यूशन माफ करतो. उरलेली अर्धी आणि राहणं-खाणं धरलं तर पंचेचाळीस लाखांच्या घरात जातं, आणि जागा धरायला १ एप्रिलच्या आत ५०० डॉलर डिपॉझिट भरायचंय. आठवं मिडवेस्टातलं सरकारी विद्यापीठ. पाच वर्षं, ट्यूशन माफ, आरोग्य विमा, नऊ महिन्यांचे २१,००० डॉलर, बदल्यात दर सत्रात एक वर्ग शिकवायचा. उत्तर १५ एप्रिलपर्यंत. नववं बॉस्टनच्या बाजूचं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. तिथे वेटिंग.

माझा विषय एकोणिसाव्या शतकातला मुंबईचा अमेरिकन मिशनचा छापखाना आणि १८४२ पासूनचं 'ज्ञानोदय'. इंग्रजी धार्मिक गद्य मराठीत आणताना मराठी वाक्याचं काय झालं, असा. त्या मिशनची मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. म्हणून बॉस्टन.

आता मिडवेस्टला हो म्हणून मोकळी होऊ, की वेटिंगची वाट बघू? शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं तर ते रागावून ऑफर काढून घेतील का? आणि २१,००० मध्ये माणूस जगतो का? स्टाफरूममध्ये कुणाला विचारायची सोय नाही. तिथे अजून कुणाला सांगितलेलंच नाही.

---

मोगरा_फुलला | २३ मार्च, सकाळी ७:१५

आधी अभिनंदन! या विषयातलं काही कळत नाही, पण वाचतेय.

---

डुलकीबहाद्दर | २३ मार्च, सकाळी ९:०३

मी अशाच एका सरकारी विद्यापीठात इंग्रजीच्याच पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, १५ एप्रिल ही त्यांची मेहेरबानी नाही, तुझा हक्क आहे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स म्हणून संस्था आहे, तिच्या ठरावावर तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी सह्या केल्यात. पैशासकट ऑफर दिली असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. यादी त्यांच्या साइटवर आहे, तुझी दोन्ही नावं त्यात आहेत का बघ. शेवटच्या दिवशी हो म्हटलं म्हणून कुणी रागावत नाही. आधी हो म्हटलंस आणि मन बदललं, तर १५ तारखेपर्यंत लेखी कळवून मागेही घेता येतं. पण ते करू नकोस. विभाग छोटे असतात, माणसं लक्षात ठेवतात.

हा ठराव पैशाच्या ऑफरपुरता आहे. तुझ्या एमएवाल्यांनी १ एप्रिल का ठेवलीय ते कळलं ना? बाकीच्यांचे निकाल पक्के व्हायच्या आत तुझे ५०० डॉलर आत.

दुसरं म्हणजे वेटिंग. आपल्या डोक्यात रेल्वेचं वेटिंग असतं, आपण तिसरे, पुढचे दोघे सरकले की आपण. इथे तसं सहसा नसतं. कोट्याचं वेटिंग समज. पुण्याच्या कोट्यातलं तिकीट रद्द झालं म्हणून मिरजेच्या वेटिंगवाल्याला बर्थ मिळत नाही. विभागाला सात-आठ जण घ्यायचे असतात, त्यात एक मध्ययुगवाला, दोन आधुनिकवाले, एक एकोणिसाव्या शतकाचा, असा ढोबळ हिशोब असतो. एकोणिसाव्या शतकाची पोरगी दुसरीकडे गेली तर तुला फोन. मध्ययुगवाला गेला तर तुझ्या जागी भलत्यालाच. त्यामुळे वेटिंगवर दहा आहेत की चार, यावरून काही कळत नाही.

आणि हे सगळं १० ते १५ एप्रिलच्या दरम्यान हलतं. ज्यांच्याकडे पाच-पाच ऑफर आहेत ते त्या शेवटपर्यंत उराशी धरून बसतात. तू तसं करू नकोस. एमए नको असेल तर आजच नाही कळव.

२१,००० मध्ये जगता येतं. कसं ते रात्री लिहितो, आता वर्ग आहे.

---

सडेतोड | २३ मार्च, दुपारी १:२०

इंग्रजी शिकायला अमेरिकेला, आणि तेही मराठी ज्ञानोदयवर? उद्या मोडी शिकायला पॅरिसला जाल. नेट-जेआरएफ काढा, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, महिना ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी ४२. घरचं जेवण. ह. घ्या.

---

कृष्णाकाठ | २३ मार्च, दुपारी ४:५१

@सडेतोड, हलकंच घेतलंय. नेट आहे, जेआरएफ थोडक्यात हुकली, दोनदा. गेल्या वर्षी जूनमध्ये तिसऱ्यांदा दिली, ती परीक्षाच दुसऱ्या दिवशी रद्द झाली, आठवत असेल. आणि कागद तिथे आहेत त्याला मी काय करू? त्या मिशनऱ्यांनी इथून पेट्या भरून पत्रं धाडली. मोडीतली असती तर पॅरिसलाही गेले असते.

---

नाना_निवृत्त | २३ मार्च, संध्याकाळी ६:३०

पोरी, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. पीएचडीतलं मला कळत नाही, पंचेचाळीस लाख कळतात. अकरा टक्के आणि दहा वर्षं धर, महिन्याचा हप्ता ६२ हजार. एमए इंग्रजीवर हा हप्ता कोण फेडणार? इंजिनिअरिंगची पोरं दोन वर्षांत फेडतात म्हणून सगळ्यांना वाटतं आपणही फेडू.

साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. घरी शेती असेल तर लक्षात ठेव, शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली तिच्यावर हात टाकता येत नाही. मग राहतं घर गहाण जातं. मी ते कागद स्वतः करून दिलेत आणि नंतर त्याच लोकांच्या दारात वसुलीला गेलोय. एमएला सरळ नाही सांग.

---

बिनपगारी_विद्वान | २४ मार्च, रात्री १२:४०

नानांशी सहमत. आता मला थोडं थंड पाणी ओतू द्या.

मी इंग्रजीतच पीएचडी केली, तिकडेच, आणि गेली सहा वर्षं सत्रागणिक कंत्राटावर शिकवतो. म्हणजे तुमचं सीएचबीच, फक्त बर्फात. २००७-०८ साली इंग्रजीतल्या प्राध्यापकीच्या जेवढ्या जाहिराती निघायच्या, त्याच्या निम्म्याही आता निघत नाहीत, आणि त्यातल्याही सगळ्या कायम नसतात. बॉस्टनमधून पीएचडी केली म्हणून नोकरी लागते, हा समज डोक्यातून काढा. थोडा फरक पडतो. तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

शिवाय हे वर्ष वाईट आहे. गेल्या नोव्हेंबरात बॉस्टन युनिव्हर्सिटीने इंग्रजीसकट डझनभर विषयांचे पीएचडी प्रवेश एका वर्षापुरते थांबवले. फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियासारख्या श्रीमंत विद्यापीठातही विभागांना जागा कमी करायला सांगितलं गेलं. संशोधनाचा केंद्राचा पैसा आटतोय, त्याची झळ इंग्रजीला सरळ बसत नाही, पण विद्यापीठाचा गल्ला एकच असतो. अशा वर्षी वेटिंगवरची माणसं घेण्याऐवजी रिकामी झालेली जागा तशीच सोडून देतात. पाच वर्षांचा एका माणसाचा खर्च वाचतो ना.

हातात लेखी पाच वर्षं आहेत, ती धरा.

---

डुलकीबहाद्दर | २४ मार्च, सकाळी ८:२२

बिनपगारी सरांचं बरोबर आहे, पण इतकंही थंड पाणी नको हो.

पैशाचं लिहितो. २१,००० 'नऊ महिन्यांचे' आहेत, इथे सगळे फसतात. जून, जुलै, ऑगस्ट कोरडे. म्हणून आधी विचार, उन्हाळ्यात शिकवायला वर्ग मिळतो का, किती जणांना मिळतो. दुसरं, ट्यूशन माफ म्हणजे फी माफ नव्हे. माझ्याकडे दर सत्राला सहाशेच्या वर निव्वळ 'स्टुडंट फी' जाते, जिमची, बसची, कसली कसली. तिसरं, आरोग्य विमा पूर्ण त्यांचा की अर्धा आपल्या पगारातून? चौथं, ऑफरच्या पत्रात 'पाच वर्षं' ही हमी आहे की 'पैसे उपलब्ध असल्यास' असं शेपूट लावलंय? ते वाक्य शब्दशः वाच.

पहिला पगार सप्टेंबर संपता संपता येतो. घराचं डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं आणि एक जाड जाकीट, एवढे पैसे घरून आणावे लागतात. मी अडीच हजार डॉलर आणले होते आणि २० सप्टेंबरला माझ्याकडे अकरा डॉलर होते.

एक बरी बातमी. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, चिनी-कोरियन मित्रांना ती मिळत नाही. शिकवण्याच्या पगारावर पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटीही कापत नाहीत.

शिकवण्याबद्दल. पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंधलेखन शिकवायचं असतं, वीस-बावीस पोरं. परदेशी शिक्षकांची बोलण्याची चाचणी घेतात, किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात वेगळे किमान गुण मागतात. ते आत्ताच बघून ठेव, नाहीतर पहिल्या सत्रात वर्ग मिळत नाही. माझ्या पहिल्या तासाला मक्याच्या शेतातून आलेल्या एका पोराने विचारलं, सर, तुम्ही इतकं चांगलं इंग्रजी कुठे शिकलात? तोंडून निघून गेलं, इचलकरंजी. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

---

थेम्सकाठचा_पाहुणा | २५ मार्च, रात्री २:१०

इंग्लंडबद्दल कुणी विचारलं नाही, तरी पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. इथे प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या रांगा आहेत. प्रवेशाचं पत्र येतं, घरी पेढे वाटले जातात, आणि जूनमध्ये कळतं की पैसे मिळालेले नाहीत. सरकारी संशोधन परिषदांच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण जास्तीत जास्त ३० टक्के जागांपुरत्या. फेलिक्स शिष्यवृत्ती आपल्या लोकांसाठी चांगली, पण ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग या तीनच ठिकाणी. पीएचडी तीन वर्षांची, शिकवणं जवळजवळ नाही. एमए झालेल्या आणि विषय पक्का असलेल्या माणसाला हे सोयीचं.

---

पारंब्या | २५ मार्च, सकाळी ११:३५

अनुसूचित जातीतल्या मुलामुलींसाठी भर घालतो. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही बघा. केंद्राच्या योजनेत वय ३५ च्या आत आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. पण इंग्रजी-इतिहासवाल्यांनी नियमावली नीट वाचावी. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित समाजशास्त्रीय विषय वगळले गेले. म्हणजे लंडनला जाऊन इंग्रज कवींवर लिहिता येईल, आपल्या आत्मकथनांवर नाही. अर्जात विषयाचं शीर्षक घालण्याआधी त्या वर्षीची नियमावली काढून बघा.

धागालेखिकेला हे लागू आहे की नाही माहीत नाही. 'ज्ञानोदय' मात्र नक्की त्या यादीत अडकलं असतं.

---

कृष्णाकाठ | ३० मार्च, दुपारी ३:०५

सगळ्यांचे खूप आभार. एमएला परवा नाही कळवलं. नाना, घर वाचलं.

टोफेलच्या बोलण्यात हवे त्यापेक्षा दोन गुण जास्त आहेत. मिडवेस्टच्या पत्रात 'समाधानकारक प्रगती असल्यास पाच वर्षं' असं आहे, पैशाचं शेपूट नाही. फी मात्र आहेच, सत्राला ५८० डॉलर.

आता बॉस्टनला मेल करायचाय. रात्रभर बसून हा लिहिलाय. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत सार देते: 'आपल्या प्रतिष्ठित विभागात प्रवेश मिळणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. मी अतिशय मेहनती असून कोणत्याही परिस्थितीत जुळवून घेण्याची तयारी आहे. माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.' कसा वाटतो?

---

डुलकीबहाद्दर | ३० मार्च, संध्याकाळी ७:४८

रजेचा अर्ज वाटतो.

लहानपणी तुला त्या विभागाचं नाव तरी माहीत होतं का? सहानुभूती काढून टाक. डीजीएसना, म्हणजे पीएचडीचं सगळं बघणाऱ्या प्राध्यापकांना, चारच गोष्टी लिहायच्या. अजून यायची इच्छा आहे. अर्जानंतर काही नवं झालं असेल तर ते. यादी क्रमाने आहे की विषयवार, आणि हलली तर पैसे पाचही वर्षांचे असतील ना. चौथं, हातात दुसरी ऑफर आहे आणि १५ तारखेला तिला उत्तर द्यायचंय. 'जागा मिळाली तर नक्की येईन' हे वाक्य खरं असेल तरच घाल. ते वाक्य ते गंभीरपणे घेतात, कारण त्यांना १४ तारखेच्या रात्री 'विचार करून सांगते' म्हणणारं माणूस नको असतं.

एकच मेल. मग गप्प.

नवं काही आहे का सांगण्यासारखं?

---

कृष्णाकाठ | ३० मार्च, रात्री ९:२०

आहे एक. फेब्रुवारीत नगरला एका जुन्या चर्चच्या कपाटात ज्ञानोदयचे सुटे अंक बघायला मिळाले. कपाट उघडताना बिजागरी हातात आली. कसर लागलेले, पण एका अंकाच्या समासात कुणीतरी शाईने मराठी वाक्यं दुरुस्त केलीत. 'त्याच्याकडून केले गेले' खोडून वर 'त्याने केले' लिहिलंय. तीन पानं तसंच. मी फोटो काढलेत. हे सांगण्यासारखं आहे का?

---

बिनपगारी_विद्वान | ३० मार्च, रात्री ११:५८

बाई, हे तुम्ही आठ दिवस पोटात ठेवून आम्हाला हप्त्याचे हिशोब करायला लावलेत?

तोच तुमचा मेल आहे. पहिल्या परिच्छेदात ते खोडलेलं वाक्य घाला. आणि मी त्या दिवशी म्हटलेलं थोडं मागे घेतो. नोकरीचं नाही, बाकीचं.

---

मोगरा_फुलला | ३१ मार्च, सकाळी ७:०२

मला विषयातलं काही कळत नव्हतं, पण ते समासातलं माणूस कोण असेल हे आता मलाही कळायला हवंय.

---

कृष्णाकाठ | ८ एप्रिल, रात्री १०:१५

मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, डीजीएसचं स्वतःचं, साचेबंद नाही. त्या खोडलेल्या वाक्याबद्दल दोन प्रश्न विचारलेत! यादी क्रमाने नाही. एकोणिसाव्या शतकात एकच जागा आहे आणि ज्या व्यक्तीला ती दिलीय तिने अजून उत्तर दिलेलं नाही. या वर्षी एखादी जागा रिकामी झाली तरी ती भरायची परवानगी डीनकडून मिळेलच असं नाही, हेही मोकळेपणाने लिहिलंय.

मिडवेस्टच्या तीन विद्यार्थ्यांशी झूमवर बोलले. भाडं दोघींत मिळून महिना ९५० डॉलर, बस फुकट. उन्हाळ्यात निम्म्या लोकांना वर्ग मिळतो, बाकीचे ग्रंथालयात किंवा लेखन केंद्रात तास भरतात. विभागात मराठी वाचणारं कुणी नाही. मी विचारलं मग माझं मराठी कोण तपासणार? त्यातली एक म्हणाली, दुसऱ्या विद्यापीठातला प्राध्यापक समितीवर घेता येतो, तिने तसाच घेतलाय.

पण हॉटनचं काय? दर वर्षी बॉस्टनला जायला पैसे कुठून आणू?

---

डुलकीबहाद्दर | ९ एप्रिल, सकाळी ८:४०

हे तू पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतंस आणि मी सांगायला हवं होतं. त्या मिशनच्या कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म निघालेल्या आहेत आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांत त्या आहेत. तुझ्या मिडवेस्टच्या ग्रंथालयाची यादी ऑनलाइन असेल, शोध. त्यांच्याकडे नसल्या तरी आंतरग्रंथालयीन सेवेने रिळं मागवता येतात. मूळ कागद बघायला एकदा जावं लागेल, त्यासाठी विभाग प्रवासाचे पैसे देतो का तेवढं विचार.

---

कृष्णाकाठ | ९ एप्रिल, रात्री ११:३०

शोधलं. आहेत. मराठी मिशनची रिळं त्यांच्याच तळघरात आहेत.

एकदम पोटात कसंतरी झालं. आनंदाने की चार महिने उगाच एका गावाचं नाव जपत बसले म्हणून, ते कळलं नाही.

---

सडेतोड | १० एप्रिल, सकाळी १०:००

बघा, कागद पण मक्याच्या शेतात निघाले. (आता खरंच शुभेच्छा.)

---

कृष्णाकाठ | १६ एप्रिल, सकाळी ८:१०

रात्रभर झोप नाही. तिकडच्या १५ तारखेची रात्र म्हणजे आपली आजची सकाळ. बॉस्टनचं घड्याळ आपल्या साडेनऊला संपतं, मिडवेस्टचं साडेदहाला. म्हणजे मधला एक तास फुकटचा मिळतो, असा हिशोब मी वहीत मांडला होता.

पाच वाजता बाबा धार काढायला उठले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पडवीत. विचारलं, काय आलं का? म्हटलं नाही. म्हणाले, मग जे आलंय ते घे की.

सात वाजून चार मिनिटांनी मिडवेस्टला हो कळवलं. मग बॉस्टनला दोन ओळी, यादीतून माझं नाव काढा म्हणून. साडेनऊची वाट बघितली नाही.

आता नऊचा तास आहे. एफवायच्या पोरांना आज कर्मणी प्रयोग.

---

बिनपगारी_विद्वान | १६ एप्रिल, सकाळी ८:३१

'त्याच्याकडून केले गेले' शिकवू नका म्हणजे झालं. मनापासून अभिनंदन.

---

नाना_निवृत्त | १६ एप्रिल, सकाळी ९:४५

छान केलंस. आता आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या कागदासाठी, पैसे दाखवावे लागतील. २१ हजार त्यांच्या वार्षिक खर्चाच्या अंदाजाला पुरत नसतील तर फरक आपल्या खात्यात दाखवायला सांगतात. त्यासाठी मुदतठेवीचं बँकेचं पत्र चालतं. शेतीचं मूल्यांकन घेऊन जाऊ नकोस, तिथे सातबारा कुणी वाचत नाही.

---

कृष्णाकाठ | २९ मे, संध्याकाळी ५:१२

धागा वर काढतेय. आय-२० आलं, सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरले, आणि मुलाखतीची तारीख घेणार तोच २७ तारखेपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्याची बातमी. वर्ग २५ ऑगस्टला सुरू. सीएचबीचं पुढच्या वर्षाचं पत्र इथे जूनमध्ये निघतं. घेऊन ठेवू का?

---

डुलकीबहाद्दर | २९ मे, रात्री ८:००

घेऊन ठेव. आणि विभागाला आजच विचार, ऑगस्टात पोचता आलं नाही तर जानेवारीत किंवा पुढच्या वर्षी रुजू होऊ देतील का, आणि पैसे तसेच राहतील का. उत्तर लेखी घे. मुलाखतीच्या स्लॉटचं पान दिवसातून दोनदाच उघड, जास्त वेळा उघडलं तर खातं लॉक होतं.

---

कृष्णाकाठ | १७ जुलै, दुपारी २:३३

मुलाखती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाल्या, सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायच्या अटीवर. माझ्या खात्यावर आमच्या म्हशीचे फोटो आणि ज्ञानोदयची पानं. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत आज मुलाखत झाली. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, इंग्रजी शिकायला भारतातून का? मी समासातल्या खाडाखोडीचं सांगायला लागले. दुसऱ्याच वाक्याला त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

सडेतोड, तुमचाच प्रश्न होता. तयारी झाली होती.

---

नवा_भिडू | ११ ऑक्टोबर, रात्री १०:५०

ताई, धागा सगळा वाचून काढला. मी पुण्यात एमए भाग दोनला आहे, या डिसेंबरात अर्ज करायचेत. ऑगस्टात शिकागो विद्यापीठाने मानव्यशाखेतल्या बऱ्याच विभागांचे पीएचडी प्रवेश पुढच्या वर्षासाठी थांबवले, तेव्हापासून घरचे म्हणतायत एक वर्ष थांब. जीआरई या प्रवेशपरीक्षेचा इंग्रजी साहित्याचा पेपर अजून असतो का? लेखनाचा नमुना किती पानांचा लागतो?

---

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

तो पेपर २०२१ मध्येच बंद झाला. साधी जीआरईही बरेच विभाग मागत नाहीत, प्रत्येकाचं पान बघ. नमुना बहुतेक ठिकाणी पंधरा ते पंचवीस पानं. पूर्ण प्रबंध कापून लावू नकोस, एकच प्रकरण घे आणि पहिल्या दोन पानांत तुला काय सापडलंय ते येऊ दे. माझ्या नमुन्यात ते सतराव्या पानावर होतं. सहा नकारांतले निदान तीन त्यामुळे आले, असा माझा आपला समज.

अर्ज करण्याआधी प्रत्येक विभागाला मेल करून या वर्षी प्रवेश चालू आहेत का ते विचार. नाहीतर फी भरल्यावर कळायचं. फीमाफीही विचार, परदेशी विद्यार्थ्यांना कुठे कुठे देतात. मी लाजेखातर विचारलंच नव्हतं.

नमुना व्यनित (खासगी निरोपात) पाठव, वाचते. फक्त रविवारी रात्रीच्या आत. सोमवारी बावीस निबंध येतात आणि त्यातल्या अकरांना स्वल्पविराम कुठे द्यायचा ते माहीत नाही.